ड्राफ्टचा फोन येण्याआधी: अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्या मुलाच्या आईवडिलांसाठी

वर्षातून चार-पाच वेळा तरी मला हा फोन येतो. पलीकडे एखादा मराठी बाप असतो, कधी न्यू जर्सीतला, कधी डॅलसचा, कधी बे एरियातला. पोरगा हायस्कूलच्या संघात पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आहे. परवाच्या सामन्याला चेंडूचा वेग मोजणारी रडार गन घेतलेला एक माणूस जाळीमागे बसला होता आणि जाताना कार्ड देऊन गेला. आता पुढे काय करायचं, हा प्रश्न रास्तच आहे. घोळ होतो तो त्याच्या पुढच्या वाक्यात: "ड्राफ्टमध्ये नाव येऊ दे, मग पैशांचं बघू."

आपल्या डोक्यात आयपीएलचा लिलाव असतो. तिथे खेळाडूचं नाव पुकारलं जातं, चार संघ पाट्या वर करतात, भाव चढतो. मेजर लीग म्हणजे अमेरिकेतली सर्वांत वरची बेसबॉल लीग; तिच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्यात, यातलं काहीच होत नाही. एक संघ मुलाला निवडतो आणि त्यानंतर फक्त त्याच संघाला त्याच्याशी बोलता येतं. दुसरा बोलीदार नसतो. तुमच्या हातात एकच पत्ता असतो, तो म्हणजे "आम्ही कॉलेजला जातो". या पत्त्याची किंमत निवडीच्या आधी असते, नंतर फारशी राहत नाही. म्हणून खालच्या टप्प्यांचा क्रम बदलू नका. मी पाहिलेल्या बहुतेक चुका पाचवा टप्पा सातव्यानंतर केल्याने झाल्या आहेत.

टप्पा १: मुलगा कोणत्या दारातून आत जाणार ते ठरवा

दारं दोन आहेत. अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिकोसारख्या अमेरिकी प्रदेशांत राहणारे खेळाडू ड्राफ्टमधून जातात. बाकी जगातले आंतरराष्ट्रीय खेळाडू म्हणून थेट संघाशी करार करतात.

इथे नागरिकत्व बघत नाहीत, राहणं आणि शाळा बघतात. मुलगा एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असला, ग्रीन कार्डच्या रांगेत असला, तरी अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये शिकतोय म्हणजे तो ड्राफ्टवाला. हायस्कूल संपल्यावर तो पहिल्यांदा पात्र होतो. त्या वर्षी सही न करता चार वर्षांच्या कॉलेजात गेला, तर तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा २१ वर्षांचा होईपर्यंत हे दार बंद. दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजात गेला, तर दरवर्षी पात्र.

सावधान: पात्र असणं वेगळं आणि पगार घेता येणं वेगळं. एच-४ वर असलेल्या मुलाला व्यावसायिक संघाचा पगार घेता येत नाही. मायनर लीगच्या (मेजर लीगच्या खालच्या पातळ्यांवरच्या) खेळाडूंना साधारण पी-१ व्हिसा लागतो आणि तो संघच काढतो. पण वकिलाला भेटायचं ते अकरावीत, सही करायच्या आठवड्यात नाही. मुलगा २१ चा झाला की आईवडिलांच्या अर्जावरचा त्याचा हक्क सुटू शकतो, तेव्हा तोही हिशेब याच बैठकीत मांडा. कॉलेजात मिळणाऱ्या जाहिरातीच्या आणि मानधनाच्या पैशांचंही तसंच: संघातल्या बाकीच्या मुलांना चालतं ते परदेशी विद्यार्थ्याच्या व्हिसाला चालेलच असं नाही.

आता पुण्यातल्या भाच्याचं. दर दोन फोनांमागे एकात तो निघतोच. भारतात राहणारा मुलगा दुसऱ्या दारातला. सही करताना तो १६ वर्षांचा हवा आणि पहिल्या हंगामात १ सप्टेंबरच्या आत १७ पूर्ण होणारा हवा. सह्यांचा काळ १५ जानेवारी ते १५ डिसेंबर. प्रत्येक संघाला या खर्चासाठी ठरावीक रक्कम मिळते आणि ती ओलांडता येत नाही. १० हजार डॉलर किंवा त्याहून कमी बोनस (सहीबद्दल मिळणारी रक्कम) मात्र तिच्यात धरत नाहीत. आजवरचं ठळक भारतीय उदाहरण रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांचं. दोघेही उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. २००८ मध्ये एका चेंडूफेक स्पर्धेतून पुढे आले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. दिनेशला २०१० मध्ये मोकळं केलं, रिंकू काही वर्षं खालच्या पातळ्यांवर टिकला. नुसती फेकीची ताकद दारापर्यंत नेते, आतलं सगळं त्यानंतर शिकावं लागतं.

भाच्याला "अकरावीला इकडेच आणतो" असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. इथल्या शाळेत नाव घातलं की त्याचं दार बदलतं. तो ड्राफ्टच्या रांगेत येतो, आणि तिथे त्याची तुलना पाच वर्षांचे असल्यापासून खेळणाऱ्या मुलांशी होते.

या दुसऱ्या दाराचं खरं गाव डोमिनिकन रिपब्लिक. तिसही संघांच्या अकादम्या तिथे आहेत. बुस्कोन म्हणजे स्थानिक प्रशिक्षक-दलाल. तो बारा-तेरा वर्षांची पोरं हेरतो, त्यांना जेवूखाऊ घालतो, सराव देतो आणि पुढे बोनसमधला ३० टक्के किंवा त्याहूनही मोठा वाटा घेतो. तेरा-चौदाव्या वर्षीच तोंडी सौदे होतात, जे नियमात बसत नाहीत. दोन वर्षांनी संघाचे पैसे दुसरीकडे खर्च झाले तर दिलेला शब्द हवेत विरतो आणि तक्रार करायला कुठेच जागा नसते. याच बाजारातल्या गैरप्रकारांसाठी २०१७ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जच्या डझनभर तरुण खेळाडूंचे करार रद्द झाले आणि त्यांच्या जनरल मॅनेजरवर कायमची बंदी आली (ती २०२३ मध्ये उठली). सोळाव्या वर्षीचा भाव हा अंदाजच असतो, हेही इथेच दिसतं. होजे अल्तुवेला १५ हजार डॉलर मिळाले होते, रोनाल्ड अकुन्या ज्युनिअरला १ लाख, हुआन सोतोला १५ लाख. तिघेही पुढे थोर निघाले.

तपासा: मुलाचा जन्मदाखला, पासपोर्ट आणि शाळेचे कागद यांवर नाव आणि जन्मतारीख अक्षराला अक्षर जुळते का? आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मधे असतं, दुसऱ्यावर नसतं. वयाच्या बाबतीत बेसबॉलवाले फार संशयी झाले आहेत, आणि त्याला कारण आहे.

पुढचं सगळं ड्राफ्टबद्दल.

टप्पा २: आधी खांदा-कोपर, मग प्रदर्शन

नववी ते अकरावी हा पाया. इथे पालक पैसे चुकीच्या जागी ओततात. शेकडो डॉलर भरून मुलाला दर महिन्याला एका शोकेसला, म्हणजे कौशल्य दाखवायच्या मेळाव्याला, नेतात, आणि तो तिथे रडारसाठी जीव तोडून फेकतो. नोव्हेंबरात, थंडीत.

शोकेसला जायला हरकत नाही, पण दाखवण्यासारखं काही तयार झाल्यावर जावं. एरिया कोड गेम्स किंवा ईस्ट कोस्ट प्रो यांसारख्या ठिकाणी स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारी माणसंच, मुलं निवडतात, तिथली निमंत्रणं वजनदार. बाकी ठिकाणी पैसे भरले की जागा मिळते, हे स्काउटलाही ठाऊक असतं.

पिचरसाठी एमएलबी (मेजर लीग बेसबॉल) आणि यूएसए बेसबॉल यांची पिच स्मार्ट नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ती छापून फ्रिजवर लावा. १७-१८ वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त १०५ चेंडू टाकावेत, ८१ च्या पुढे गेला तर चार दिवस विश्रांती. १५-१६ वयाला मर्यादा ९५. वर्षातून चार महिने फेक बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग. शाळेचा कोच आपले चेंडू मोजतो, क्लबचा कोच आपले. दोन्हींची बेरीज मात्र कुणीच करत नाही. ती तुम्ही करायची, वहीत, तारखेनिशी. एकाच दिवशी पिचिंग आणि कॅचिंग दोन्ही करायला लावणाऱ्या कोचला नम्रपणे पण स्पष्ट नाही म्हणायचं. "सर काय म्हणतील" हा आपला संकोच मुलाच्या कोपराला महागात पडतो.

फलंदाजाच्या बाबतीत स्काउट पाच गोष्टी बघतात: चेंडूला बॅट लागणं, ताकद, धाव, फेक, क्षेत्ररक्षण. गुण २० ते ८० या पट्टीवर देतात, ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. हे गुण आजचे आणि उद्याचे असे दोनदा लिहितात. आज ३० असलेला मुलगा उद्या ५५ होईल असं स्काउटला वाटलं, तर त्याचा भाव त्या ५५ ला लागतो. म्हणून शाळेतली सरासरी .४८० आहे हे पुन्हा पुन्हा सांगू नका. समोरचा पिचर ताशी ७६ मैलांनी टाकत होता, हे स्काउटने पाहिलेलं असतं.

टप्पा ३: स्काउट घरी येतो तेव्हा

पहिला येतो तो विभागाचा स्काउट. त्याला मुलगा आवडला तर त्याच्या वरचा क्रॉसचेकर येऊन पडताळतो, आणि पहिल्या काही फेऱ्यांतलं नाव असेल तर स्काउटिंग डायरेक्टर स्वतः येतो. एकाच स्काउटचे दहा फेरे आणि वेगवेगळ्या तीन माणसांचा एकेक फेरा, यात दुसरं जास्त महत्त्वाचं. कोण आलं, कोणत्या संघाचं, किती वाजता गेलं, हेही त्याच वहीत लिहा.

घरी बैठक होते. चहा करा, पोहे करा, पण बोलायचं मुलाने. सगळी उत्तरं वडीलच देत बसले, तर हा मुलगा अठराव्या वर्षी अॅरिझोनातल्या शिबिरात एकटा राहील का, हा स्काउटचा प्रश्न तिथेच निकालात निघतो, तुमच्या विरोधात. प्रश्नावल्या येतात, डोळ्यांची तपासणी होते, स्वभावाच्या चाचण्या घेतात. खोटं लिहू नका. जुनी दुखापत लपवू नका, कारण ती सहाव्या टप्प्यात उघडी पडणारच.

आणि मग सहज विचारल्यासारखा प्रश्न येतो: "तो खेळायला तयार आहे का? किती पडले तर कॉलेज सोडेल?"

सावधान: या पहिल्या बैठकीत आकडा सांगू नका. "अजून ठरवलं नाही, मेच्या आत सांगू" हे सभ्य आणि खरं उत्तर आहे. कौतुकाने सुखावलेला बाप "पैसा महत्त्वाचा नाही, त्याला खेळायचंय" असं बोलून जातो आणि ते वाक्य जसंच्या तसं अहवालात जातं.

टप्पा ४: सल्लागार आणि कॉलेजची जागा

आधी कॉलेज, कारण हातातला पत्ता तोच.

कॉलेज बेसबॉलची गणितं नुकतीच बदलली आहेत. पूर्वी पहिल्या श्रेणीच्या कॉलेजात सगळ्या संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्या असायच्या आणि त्या तुकडे करून वाटायचे. २०२५-२६ पासून, न्यायालयातल्या नव्या तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांत संघ ३४ जणांचा असतो आणि चौतिसांनाही पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. ऐकायला छान वाटतं, पण ३४ ही कमाल मर्यादा आहे. दुसऱ्या कॉलेजांतून बदली घेऊन आलेली २१-२२ वर्षांची मुलं याच ३४ जागांसाठी भांडतात. तेव्हा प्रशिक्षकाने तोंडी दिलेल्या जागेला पत्ता समजू नका. आर्थिक मदतीचा लेखी करार हातात हवा, आणि त्यात रक्कम आणि किती वर्षं हे हवं.

तपासा: कॉलेजची रक्कम लेखी आहे का? अभ्यासाचे गुण आणि विषय एनसीएएच्या (कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संस्थेच्या) पात्रतेत बसतात का? हे नसेल तर "कॉलेजला जातो" ही पोकळ धमकी ठरते, आणि संघांना ती ओळखता येते.

आता सल्लागार. ड्राफ्टच्या जगात एजंटला सहीपर्यंत सल्लागार म्हणतात, आणि तो नुसता शब्दांचा खेळ नाही. जेम्स पॅक्स्टनला २००९ मध्ये टोरोंटोने निवडलं, त्याने सही केली नाही. पण सल्लागाराने संघाशी बोलणी केल्याचं प्रकरण निघालं आणि केंटकी विद्यापीठाकडून त्याला पुढचा हंगाम खेळता आला नाही. त्यानंतर, २०१६ मध्ये, हायस्कूलच्या मुलांसाठी नियम सैल झाले: त्यांचा प्रतिनिधी संघाशी बोलू शकतो, मात्र सही झाली नाही तर तो संबंध तोडावा लागतो. कॉलेजातल्या मुलांचं गणित वेगळं आहे. त्यामुळे सल्लागाराशी कागद करण्याआधी ज्या कॉलेजात जायचंय तिथल्या नियमपालन कार्यालयाला ईमेल पाठवा आणि उत्तर जपून ठेवा. सल्लागाराकडून बूट, विमानाचं तिकीट, जेवण काहीही घेऊ नका. "आपलाच माणूस आहे" असं म्हणून घेतलेल्या भेटीने पात्रता जाते.

फी साधारण बोनसच्या ५ टक्क्यांपर्यंत असते. त्याहून जास्त मागणाऱ्याला नमस्कार करावा.

टप्पा ५: आकडा ठरवा

हा या लेखाचा गाभा आहे. एका संध्याकाळी घरातल्या चौघांनी बसून, फोन बंद करून करायचं काम.

आधी संघाचा गल्ला कसा भरतो ते समजून घ्या. ड्राफ्ट २० फेऱ्यांचा. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकाला एमएलबीने एक रक्कम नेमून दिलेली असते. संघाच्या त्या सगळ्या रकमांची बेरीज म्हणजे त्याचा गल्ला. गल्ल्याच्या वर ५ टक्क्यांपर्यंत गेलं तर दंड, त्यापुढे गेलं तर पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवड जाते, म्हणून ती रेघ कुणी ओलांडत नाही. अकराव्या फेरीपासून प्रत्येकाला दीड लाख डॉलरपर्यंत मोकळीक. त्यावरची रक्कम गल्ल्यातून जाते.

आता गंमत बघा. नेमून दिलेली रक्कम त्या खेळाडूलाच द्यायची सक्ती नाही. एकाला कमी द्यायचं आणि वाचलेलं दुसऱ्याला द्यायचं, हे चालतं. २०१२ मध्ये ह्यूस्टनने कार्लोस कोरेयाला पहिल्या क्रमांकावर घेतलं. त्या जागेची रक्कम ७२ लाख डॉलर होती, दिले ४८ लाख. वाचलेल्यातून ४१ व्या क्रमांकावरच्या लान्स मॅकलर्स ज्युनिअरला २५ लाख देऊन कॉलेजपासून वळवलं. २०२५ मध्ये वॉशिंग्टनने पहिल्या क्रमांकावर १७ वर्षांचा ईलाय विलिट्स घेतला. त्या जागेची रक्कम १ कोटी १० लाखांच्या वर, करार ८२ लाखांचा. आठव्या-नवव्या फेरीत कॉलेज संपलेली, दुसरा पर्याय नसलेली मुलं अगदी थोडक्यात सही करतात, तीही याच हिशेबापायी. मंडळाच्या वर्गणीसारखं आहे: मांडवात वाचवलं की ऑर्केस्ट्राला मिळतं.

याचा तुमच्यासाठी अर्थ एवढाच की मुलगा कितव्या क्रमांकावर गेला यावरून पैसे ठरत नाहीत. सतराव्या फेरीतल्या मुलाला तिसऱ्या फेरीएवढे मिळू शकतात, जर संघाने आधीच हिशेब करून त्याच्यासाठी पैसे बाजूला ठेवले असतील. आणि ते बाजूला ठेवायला संघाला तुमचा आकडा ड्राफ्टच्या आधी माहीत हवा.

आकडा काढायची रीत:

पहिलं, कॉलेजच्या चार वर्षांची खरी किंमत लिहा. शिष्यवृत्ती वजा करून नाही, पूर्ण. मुलगा सोडून देणार आहे ते एवढं.

दुसरं, बोनसमधून कर आणि फी काढा. केंद्राचा आयकर वरच्या टप्प्यात ३७ टक्के. राज्याचा वेगळा: न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात तो झोंबतो, टेक्सास, फ्लोरिडात राज्याचा आयकरच नाही. सल्लागाराची फी वर. मोठ्या बोनसमध्ये हातात निम्म्याहून थोडंच जास्त येतं असं धरून चाला. पैसे बहुधा दोन वर्षांत दोन हप्त्यांत येतात. सही करायच्या आधी सीएकडून, इथल्या सीपीएकडून, कागदावर आकडेमोड करून घ्या.

तिसरं, मुलाला एकट्याला विचारा. त्याला खरंच १८ व्या वर्षी घर सोडून खेळायचंय का? तीन वर्षांनी कॉलेजातून जायला त्याची हरकत आहे का? उत्तर "मला कॉलेज हवंय" असेल तर आकडा एवढा मोठा ठेवा की कुणी दिला तर खुशाल घ्यावा.

चौथं, एकच आकडा ठरवा. "आठ ते बारा लाखांच्या मधे" असं सांगितलंत की तुमचा आकडा आठ झाला.

सावधान: आकडा सगळ्या संघांना सारखाच सांगा. स्काउट एकमेकांशी बोलतात, तेच ते लोक वर्षभर त्याच स्टँडमध्ये बसतात. आणि एकदा सांगितलेल्या आकड्याला संघ देतो म्हणाला तर मागे फिरू नका. त्या भरवशावर त्याने दुसऱ्या मुलाला सोडलेलं असतं.

टप्पा ६: वैद्यकीय कागद

इथे दोन गोष्टी ऐका.

२०१४ मध्ये ह्यूस्टनने ब्रॅडी एकन या हायस्कूलच्या पिचरला पहिल्या क्रमांकावर घेतलं. ६५ लाख ठरले. मग तपासणीत कोपराच्या स्नायुबंधाबद्दल संघाला शंका आली, देकार खाली आला आणि सही झालीच नाही. त्याच्या जागेची रक्कमही गल्ल्यातून गेली, त्यामुळे पाचव्या फेरीतल्या जेकब निक्सशी ठरलेला १५ लाखांचा सौदाही मोडला. निक्सच्या हाताला काही झालं नव्हतं! पुढच्या वर्षी एकनच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि क्लीव्हलँडने त्याला १७ व्या क्रमांकावर सुमारे २५ लाखांत घेतलं.

दुसरी गोष्ट कुमार रॉकरची. त्याच्या आईचे आईवडील भारतातून आलेले, त्यामुळे आपल्या लोकांना हे नाव माहीत असतं. २०२१ मध्ये मेट्सने त्याला दहाव्या क्रमांकावर घेतलं, तपासणीनंतर करार दिलाच नाही. तो एक वर्ष थांबला, स्वतंत्र लीगमध्ये खेळला, २०२२ मध्ये टेक्सासने तिसऱ्या क्रमांकावर घेऊन ५२ लाख दिले. २०२४ मध्ये मेजर लीगमध्ये उतरला. त्याचं निभावलं. सगळ्यांचं निभावत नाही.

अशा प्रकरणांनंतर एमएलबीचा ड्राफ्टपूर्व वैद्यकीय कार्यक्रम आला. वरच्या यादीतल्या मुलाने त्यात भाग घेतला आणि त्याची निवड झाली, तर संघाला त्या क्रमांकाच्या रकमेच्या किमान ७५ टक्के देकार द्यावाच लागतो. मुलाला निमंत्रण आलं तर सल्लागाराशी बोलून निर्णय घ्या, पण "कशाला उगाच एमआरआय" म्हणून झटकू नका. निमंत्रण नसेल तर निदान स्वतःच्या डॉक्टरांकडचे जुने अहवाल, चित्रांसकट, एका फाइलमध्ये लावून ठेवा.

टप्पा ७: ड्राफ्टचे दिवस

जुलै महिना, दोन-तीन दिवस. घरी पाहुणे बोलावू नका. टीव्हीसमोर पेढे घेऊन बसलेलं घर आणि संध्याकाळपर्यंत न आलेलं नाव, यासारखं अवघड काही नाही. खासकरून त्या मुलासाठी.

फोन असा येतो: "पुढच्या फेरीत अमुक रकमेला घेऊ, चालेल का?" वेळ मिनिटा-दोन मिनिटांची. आकडा ठरलेला असेल तर उत्तर एका शब्दाचं. नसेल, तर नवरा-बायको एकमेकांकडे बघत बसतात आणि संघ यादीतल्या पुढच्या नावाला फोन लावतो. रक्कम तुमच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर "नाही" म्हणा. नाव घोषित झालं म्हणजे सही करायची सक्ती नाही, पण घोषणा झाल्यावर भाव वाढवून मिळेल या आशेने "हो" म्हणणं म्हणजे पाचव्या टप्प्यावर पाणी.

नाव आलंच नाही, किंवा येऊनही सही झाली नाही, तरी एकेक वाट उरते. निवड न झालेल्या मुलाशी कोणताही संघ दीड लाखांपर्यंत गल्ल्याबाहेर करार करू शकतो. आणि अकराव्या फेरीपासून पुढे निवड होऊनही जो मुलगा ज्युनिअर कॉलेजात जातो, त्याच्याशी तोच संघ पुढच्या ड्राफ्टच्या आधी करार करू शकतो, सव्वादोन लाखांपर्यंत गल्ल्याला धक्का न लावता.

सहीची मुदत जुलैच्या अखेरीला संपते. करारात बोनसच्या खाली शिक्षणाची एक ओळ असते, तिथे सगळ्यांचं लक्ष कमी असतं. खेळणं संपल्यावर संघ कॉलेजचा ठरलेला खर्च देतो. ही रक्कम मूळ करारातच लिहून घ्यावी लागते, नंतर घालता येत नाही. आजची नाही, पाच-सात वर्षांनंतरची फी धरून मागा. ती मिळेल तेव्हा तिच्यावरही कर लागतो, हेही धरा.

टप्पा ८: सहीनंतरची वर्षं

पहिल्या उन्हाळ्यात काही होत नाही. अॅरिझोना आणि फ्लोरिडातल्या कॉम्प्लेक्स लीगचे (मायनर लीगच्या सर्वांत खालच्या पायरीचे) सामने आता मे ते जुलै असतात, म्हणजे ड्राफ्टची मुलं पोचेपर्यंत ते उरकलेले. मुलगा शिबिरात जातो, त्याचं शरीर मोजलं जातं, फेक कॅमेऱ्यांनी टिपली जाते, वैयक्तिक आराखडा बनतो. काही जण सिंगल-ए मध्ये थोडे सामने खेळतात. "अजून खेळवत का नाहीत" म्हणून कोचला फोन करणाऱ्या पालकांची मायनर लीगमध्ये खूप चेष्टा होते.

पायऱ्या अशा: कॉम्प्लेक्स, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. हायस्कूलच्या मुलाला वर पोचायला चार-पाच वर्षं धरा. डबल-ए ही खरी गाळणी. तिथवर वेगावर निभावतं, तिथून पुढे समोरचा फलंदाज वाईट चेंडूला बॅट लावत नाही.

खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या २०२३ च्या करारात ठरलेला किमान वार्षिक पगार कॉम्प्लेक्सला १९,८०० डॉलर, सिंगल-एला २६,२००, डबल-एला ३०,२५०, ट्रिपल-एला ३५,८००. राहायची सोय संघ करतो. मेजर लीगचं किमान वेतन २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार होतं. म्हणजे बोनस हा पहिली पाच वर्षं जगण्याचा निधी आहे. त्यातून गाडी घेऊ नका. (घेतात. पहिल्याच महिन्यात.)

शाकाहारी घरातल्या मुलासाठी एक व्यवहाराची गोष्ट. संघ जेवण देतो आणि आहारतज्ज्ञही असतो, पण रात्रीच्या बसप्रवासात जे मिळेल ते खावं लागतं. दिवसाची प्रथिनं कशातून घ्यायची हे सही करायच्या आधीच मुलाने स्वतः शिकून घ्यावं. आईने पाठवलेला लाडवांचा डबा खोलीतले मित्र दोन दिवसांत संपवतात, असा अनुभव आहे.

वर्षातून एकदा मुलाने तीन गोष्टी स्वतः विचाराव्यात: आराखड्यात यंदा काय बदललं, पुढच्या पातळीसाठी नेमकं काय कमी पडतंय, आणि रूल ५ ड्राफ्टच्या दृष्टीने मी कुठे आहे. १८ किंवा त्याखालच्या वयात सही केलेल्याला पाच हंगामांत, १९ किंवा त्यावरच्याला चार हंगामांत संघाच्या मेजर लीगसाठीच्या ४० जणांच्या यादीत घ्यावं लागतं; नाही घेतलं, तर दुसरा संघ त्याला एक लाख डॉलर देऊन उचलू शकतो. तिथे नाव खुलं राहिलं तर रडू नका. रॉबर्टो क्लेमेंटेला डॉजर्सने १९५४ मध्ये असंच उघडं ठेवलं आणि पायरेट्सने उचललं.

तपासा: मुलाच्या खात्यावर सही कुणाची चालते? एकटा मुलगाच असावा, सोबत दर तीन महिन्यांनी हिशेब बघणारा एक तिऱ्हाईत माणूस. काका नको.

आणि सुटका. संघांच्या मायनर लीगच्या यादीला आता १६५ ची मर्यादा आहे, म्हणून दर वसंतात शिबिर संपताना दारावरच्या यादीतून नावं गळतात. ज्या दिवशी सुटकेचं पत्र मिळेल त्या दिवशी ते स्कॅन करून तुम्हाला पाठवायला मुलाला आधीच सांगून ठेवा. करारातली शिक्षणाची ओळ जिवंत ठेवायला खेळ सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत कॉलेजचा वर्ग सुरू करावा लागतो, आणि ती दोन वर्षं त्या पत्रावरच्या तारखेपासून मोजतात. ती तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवा.